येथे ‘काहीही’ मिळत नाही

काकांचा मला अजून राग येतो. त्यांचं दुकान सोडून दीड वर्ष झालं, परवा रस्त्यात त्यांची जुनी स्कूटर दिसली आणि माझे कान गरम झाले. ज्या माणसानं मला कामाला ठेवलं, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला सुट्टी दिली, त्याच्याबद्दल असं लिहिणं बरं नाही हे मला कळतं. पण रागाशिवाय काका आठवतच नाहीत, आणि त्याला ते स्वतःही थोडे जबाबदार आहेत.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका शाळेच्या पुढच्या चौकात त्यांचं भेटवस्तूंचं दुकान होतं. भिंतीवरची घड्याळं, फोटोफ्रेम, फुलदाण्या, पेनांचे सेट, चहाचे मग. मी सकाळी कॉलेज करून दुपारी बारा ते सात तिथं असायची. गल्ल्याच्या वर काकांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘येथे काहीही मिळत नाही.’ नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसायचं आणि आत येऊन म्हणायचं, “काका, शाळेतल्या बाईंना द्यायला काहीही दाखवा.” काका न बोलता पाटीकडे बोट करायचे.

एप्रिलचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे आमचा हंगाम. निकालाच्या दिवशी बाईंना काहीतरी द्यायचं म्हणून आया यायच्या, काही वेळा वडील यायचे. बाकीचे दुकानदार अशा वेळी पंखा गिऱ्हाइकाकडे वळवतात. काका चष्मा कपाळावर चढवायचे.

“बाईंच्या वर्गात पोरं किती?”

“बेचाळीस आहेत.”

“मग बाईंचं घर हाय का यष्टी स्टँड? बेचाळीस घड्याळं लावायला?”

समोरची आई गोंधळायची. तोवर दुसरा प्रश्न यायचा. “बाई शाळेला कशानं येतात?” आणि लगेच तिसरा, “येताना बाईंच्या हातात काय असतंय?”

“हातात? पर्स असेल की.”

“असेल न्हवं. बघून या. उद्या या. दुकान कुठं पळून जात न्हाय.”

काही जणी खरंच बघून यायच्या. एकजण येऊन म्हणाली होती, बाईंच्या हातात नेहमी वह्यांचा गठ्ठा असतो आणि छत्री काखेत धरावी लागते. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिला खांद्याला अडकवायची कापडी पिशवी कुठल्या गल्लीत कुणाकडे चांगली शिवून मिळते ते कागदावर नकाशा काढून दाखवलं. आमच्या दुकानातलं काहीच विकलं नाही. पण असं क्वचित. बहुतेक जणी तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात जायच्या आणि तिथून घड्याळ घेऊन आमच्या पुढूनच परत जायच्या. समोरचा दुकानदार दर दिवाळीला काकांना मिठाईचा पुडा पाठवायचा. काका तो खायचे. म्हणायचे, “माझ्याच कष्टाचा हाय.”

एकदा एक गृहस्थ मोटारीतून आले. म्हणाले, “पैशाचं बघू नका. बाईंच्या घरात शिरल्या शिरल्या कळलं पाहिजे, हे कुणी दिलंय.” काकांनी दुकानातली सगळ्यात मोठी फ्रेम काढली आणि म्हणाले, “मग तुमचाच फोटो घालून द्या की.” गृहस्थ चिडून गेले. मी चार दिवस हसत होते. तेव्हा मला काका फार आवडायचे.

गिऱ्हाइकांवरचा हा राग त्यांच्यात कुठून आला ते काकूंमुळे कळलं. काकू दुकानाच्या वरच राहायच्या. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झालेल्या. त्यांच्या पायांच्या शिरा सुजून निळ्या झाल्या होत्या, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या. काका म्हणायचे, “तीस वर्षांत ह्या बाईला माळाभर वस्तू आल्या. उभं राहून पाय गेले, ते एकाला दिसलं न्हाय. बसायला एक पाट कुणी दिला न्हाय.” आणि त्या दिवशी जे गिऱ्हाईक येईल त्याच्यावर तो सगळा राग निघायचा.

एकदा वर चहा आणायला गेले तेव्हा काकूंनी मला माळा दाखवला. घड्याळं, फुलदाण्या, काचेतले ताजमहाल, सगळं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मी म्हटलं, “काकू, किती जागा अडवलीय ह्या वस्तूंनी.” त्या हळूच म्हणाल्या, “त्यांना सांगू नकोस. मला आवडायचं हे सगळं. पोरं हातात धरून आणायची ना. घाम फुटलेला असायचा त्यांच्या हाताला.” काकांना त्यांनी हे कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असतं तरी काकांनी ऐकलं नसतं.

आता माझं सांगते.

मी कोल्हापूरजवळच्या हुपरीची. आमच्या गावात घरोघर पैंजणांचं काम चालतं. माझी आई कड्या जोडायचं काम करते. सकाळी आठला मांडी घालून बसली की दुपारी भाकरीपुरती उठते, पुन्हा दिवा लागेपर्यंत बसते. चांदीच्या कामानं तिच्या बोटांची टोकं काळी झाली आहेत, ती कशानंच निघत नाहीत. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे कागद वाचायचे, फॉर्म भरायचे, मोबाईलवर शाळेचे निरोप बघायचे, हे सगळं माझ्याकडे. धाकट्या बहिणीच्या पालक सभेलाही मीच जायची. आई सुरुवातीला म्हणाली होती, “मी जातो की एकदा.” मीच तिला म्हटलं, “तू राहू दे, तुझं काम बुडेल, तिथं सह्या करायच्या असतात, तुला कळणार नाही.” काम बुडेल हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

शिकायला कोल्हापुरात राहायला आल्यावर मी बोलणं बदललं होतं. गावाकडे आम्ही बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतो. दुकानात मी ‘आले, गेले’ म्हणायला लागले. ‘हाय’चं ‘आहे’ केलं. काका स्वतः रांगडं बोलायचे, त्यांना कशाचंच काही नव्हतं. लाज मला गिऱ्हाइकांची वाटायची. आई एकदा फोनवर म्हणाली, “तुझं दुकान बघायला येतो.” मी म्हटलं, “मालकांना नातेवाईक आलेले चालत नाहीत. आलीसच तर गिऱ्हाइकासारखी ये.” काकांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

धाकटी त्या वर्षी चौथीत होती. ती बोलताना अडखळायची. वर्गात उभं केलं की रडायची. चौथीच्या बाईंनी तिला रोज शाळा सुटल्यावर स्वतःची बस येईपर्यंत समोर बसवून एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. वर्षभर. मार्चमध्ये ती घरी आईसमोर अख्खा धडा वाचून दाखवायला लागली. आई हातातली कडी तशीच धरून ऐकत बसायची म्हणे. चौथीनंतर शाळा बदलणार होती, म्हणून बाईंना काहीतरी द्यायचं आईच्या मनात आलं. चांदीचं द्यायचं नव्हतं. आमच्या गावात निम्मी पोरं बाईंना चांदीच देतात, बाईंकडे पैंजणांचे वीस जोड झाले असतील. आईला कोल्हापुरातली वस्तू हवी होती. आणि पोरीच्या दुकानातली.

ती न सांगता आली. भर दुपारी, दुकानात सात-आठ बायका असताना. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची घड्याळं काढत होते. दारात चप्पल काढून ती आत आली, लग्नाकार्यातली निळी साडी नेसून. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं, ओळख न दाखवता. मी सांगितल्याप्रमाणे ती गिऱ्हाइकासारखी आली होती.

“पावणं, शाळंतल्या बाईस्नी द्यायला कायतरी दाखवा की.”

काकांनी चष्मा वर केला. “बाईंच्या वर्गात पोरं किती?”

“ते ठावं न्हाय बगा.”

“बाई कशानं येतात?”

“बसनं येत्यात वाटतं.”

“हातात काय असतंय त्यांच्या?”

आईनं पदर पुढं ओढला. मग खरं ते बोलली. “मी बाईस्नी बघितलंच न्हाय अजून.”

तेवढ्यावर त्यांनी थांबायला हवं होतं. मी आजही मनातल्या मनात त्यांना तिथं थांबवते. पण सकाळपासून बारा जणी घड्याळं मागून गेल्या होत्या आणि काका तापलेले होते.

“बघितलं न्हाय? वर्षभर पोरगी त्या बाईच्या पदरात टाकली आणि तिचं तोंड बघितलं न्हाय? आणि आता वस्तू द्यायला आलाय? अहो, पोरीला शाळेत घातलंय का पार्सल टाकलंय? जावा, आधी बाई बघून या. असल्या आयांना मी वस्तू विकत न्हाय.”

कुणीतरी हसलं. एका बाईनं दुसरीकडे बघून भुवया उडवल्या. आई पदराखाली हात लपवून उभी होती. तिला एक वाक्य बोलता आलं असतं : माझी थोरली जाते सभेला, तिनंच मला येऊ दिलं नाही. ती थोरली तिच्यापासून चार हातांवर, स्टुलावर, दोन्ही हातांत घड्याळ धरून उभी होती. आई “बरं,” एवढंच म्हणाली आणि वाकून चप्पल घालून गेली.

मी खाली उतरले. घड्याळ गिऱ्हाइकापुढे ठेवलं. “हे बघा, आवाज करत नाही हे,” असं म्हणाले. माझा आवाज अगदी नीट निघाला, ते मला अजून आठवतं.

पंधरा मिनिटं मी कागद कापत होते, चिकटपट्टी लावत होते. दुकान रिकामं झालं तेव्हा बोलले. हेही लिहिलं पाहिजे, दुकान रिकामं होईपर्यंत मी थांबले.

“काका, ती माझी आई होती.”

“कोण?”

“निळ्या साडीतली. तुम्ही जिला हाकललंत.”

काकांच्या हातातली कात्री तशीच राहिली. मग ते म्हणाले, “मग तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस व्हय?”

आणि मी फुटले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. “तुम्हाला काय माहितीय? ती बारा-बारा तास बसते. तिनं कधी दुकानात जाऊन वस्तू निवडलेली नाही. साडी बहीण देईल ती, भांडं लग्नात येईल ते. निवडायचं कसं हे तिला कुणी शिकवलंय? तुम्ही परीक्षा घेता आणि नापास केलं की हसता. काकूंना पाट कुणी दिला नाही म्हणता, तुम्ही दिला का? तुम्ही तरी दिला का तीस वर्षांत?”

शेवटचं बोलायला नको होतं. काकांचा चेहरा असा झाला की वाटलं, आता हाकलतील. त्यांनी उठून शटर अर्धं ओढलं. भर हंगामात, दुपारी तीनला. बाहेर एक बाई येत होती, तिनं विचारलं, “काका, बंद?”

“पाटी वाचा,” काका म्हणाले आणि स्कूटर काढून मला म्हणाले, “बस मागं.”

हुपरीच्या बसच्या थांब्यावर आई कट्ट्याच्या टोकाला बसली होती. काकांनी स्कूटर बंदही केली नाही. रहदारीच्या आवाजात ते ओरडूनच बोलले, त्यांना दुसरं येतच नव्हतं. “ताई, दुकानात चला. काय पाहिजे ते घ्या. मला ठावं नव्हतं.”

आई उठून उभी राहिली. वयानं मोठा माणूस समोर आला म्हणून. “असू दे पावणं. तुम्ही वंगाळ काय बोलला न्हाय. बाईस्नी बघितलं न्हाय ते खरंच हाय. आणि मी कोण ते तुम्हाला काय ठावं?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “हिला ठावं हुतं.”

बस आली. आई चढली. मला ती कुठंही भेटली, अगदी दारात भेटली, तरी आधी विचारते, जेवलीस का. त्या दिवशी विचारलं नाही.

परत येताना काका एकदाच बोलले. “तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.” मला त्यांचा राग होता आणि तो मला धरून ठेवायचा होता, कारण तो सुटला तर दुसरा एक राग पुढे उभा होता आणि तो माझा माझ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर काकांनी तोंड उघडलं नाही. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारले नाहीत. मागेल त्याला घड्याळ दिलं. दोन दिवसांत एवढी विक्री झाली की समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. मला वाटलं होतं, काका असे झाले की मला बरं वाटेल. उलट अजून चीड आली. ज्यासाठी माझ्या आईला हाकललं, ते एवढं सहज सोडून द्यायचं होतं तर आधी कशाला धरलं होतं?

आईचा फोन आला नाही. मी केला तर धाकटीनं उचलला. म्हणाली, “आक्का, आई आज शाळेत आलती. काम बंद ठेवून. बाईंच्यासंगं लई वेळ बोलत बसलती.” काय बोलली ते तिला माहीत नव्हतं.

शनिवारी आई दुकानात आली. निळी साडी नव्हती, रोजचीच होती, कामावरून उठून आल्यासारखी. दुकान भरलेलं होतं. एक बाई फ्रेम बांधून घ्यायला माझ्यापुढे उभी होती. आई सरळ गल्ल्यापाशी गेली.

“पावणं, बघून आलो बाईस्नी. फोनवर सांगणार हुतो. पण तुम्ही तोंडावर बोललासा, म्हणून तोंडावर सांगतो.”

काका उभेच राहिले. तीन दिवसांनी त्यांचा चष्मा कपाळावर चढला. “सांगा. हातात काय असतंय?”

“ते न्हाय बघितलं.”

“मग काय बघितलं?”

“इचारलं. म्हटलं, बाई, पोरीला बोलती केलासा, तुम्हाला काय देऊ?”

“इचारलं?” काका ओरडले. “बाईंनाच? तोंडावर?”

“मग काय पाठीमागं इचारू?”

दोघी-तिघी हसल्या. काका हातवारे करायला लागले. “अहो ताई, विचारून दिलं तर ते रेशन झालं! भेट कशाला म्हणायचं त्याला? माणसानं बघावं, वळखावं, डोकं चालवावं...”

“तुम्ही वळखत बसा. बाई बिचारी तवर उपाशी.” आईनं आवाज खाली आणला नाही. “नऊ वर्सं झाली त्यास्नी आमच्या गावात यायला. पैंजणाचं वीस जोड मिळालं त्यास्नी. रोज पहाटंची चपाती दुपारी गार खात्यात. म्हणाल्या, गावात एवढ्या चुली हाईत, वास येतोय, पण तव्यावरची भाकरी खा म्हणून कुणी म्हणालं न्हाय. मी म्हटलं, रविवारी या. उद्या येणार हाईत.”

काका खाली बसले. “नऊ वर्षं,” म्हणाले. “वीस जोड पैंजण दिलं लेकानू, आणि भाकरी न्हाय.” मग एकदम माझ्याकडे वळले. “तू चार सभा केल्यास की तिथं. तुला दिसलं न्हाय?”

मला दिसलं नव्हतं. मी दर वेळी प्रगतिपुस्तकातले गुण बघितले होते, सही केली होती, आणि माझं बोलणं शुद्ध निघतंय का याकडे लक्ष दिलं होतं. काकांनी हे सगळ्यांसमोर विचारावं याचा मला संताप आला. बरोबर विचारलं याचा जास्त आला.

फ्रेमवाली बाई कौतुकानं आईकडे बघत होती. तिनं काकांना विचारलं, “कोण हो ह्या? भारी बोलतात.”

काकांना कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं, न विचारलेल्यालाही असायचं. त्या वेळी मात्र चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिले. आई गल्ल्याच्या काचेखालच्या पेनांकडे बघत होती.

“माझी आई हाय,” मी म्हणाले. फार मोठ्यानं आलं ते. रस्त्यावरचा एक माणूससुद्धा वळला.

“अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?” फ्रेमवाली म्हणाली.

आई वळली. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघितलं तिनं. कागद अर्धा कापून तसाच धरलेला होता.

“सांगितलं की आता,” ती म्हणाली. “बांध त्यांची फ्रेम. कवाधरनं उभ्या हाईत त्या.”